वाचकांचे प्रश्न : ग्वादियाना नदीकाठचे मेर्तोला

गेल्या अंकात लिस्बन आणि पोर्तो या दोन शहरांविषयीचा लेख प्रसिद्ध झाल्यानंतर आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचा रोख एकाच दिशेने होता : शहरे समजली, आता पोर्तुगालच्या ग्रामीण भागातले एखादे जुने, नदीकाठचे गाव सांगा. एकेका पत्राला वेगवेगळे गाव सुचवण्यापेक्षा एकाच गावाविषयी नीट लिहावे, असे ठरवून या महिन्याची सर्व उत्तरे मेर्तोला या गावाभोवती ठेवली आहेत.

प्रश्न : आमची मुलगी लिस्बनमध्ये शिकते. एप्रिलमध्ये आम्ही दोघे तिच्याकडे जाणार आहोत. सिंत्रा आणि पोर्तो प्रत्येक सहल कंपनीच्या कार्यक्रमात असतातच. त्यापलीकडे, गर्दी नसलेले आणि खरोखर जुने असे नदीकाठचे एखादे गाव सुचवाल का? आमच्या हाती दोन-तीन दिवस आहेत. (एक वाचक, ठाणे)

उत्तर : दक्षिणेकडच्या अलेंतेजो प्रांतात, बेजा शहराच्या आग्नेयेला सुमारे पन्नास किलोमीटरवर, ग्वादियाना नदीच्या उजव्या तीरावर मेर्तोला वसले आहे. एका बाजूला ग्वादियाना आणि दुसऱ्या बाजूला तिला येऊन मिळणारी ओएइरास ही छोटी नदी, या दोहोंच्या बेचक्यातल्या खडकाळ सोंडेवर हे गाव चढत गेले आहे. खाली पाणी, त्यावर तटबंदी, तटाच्या आत चुन्याने रंगवलेली पांढरी घरे, त्यांच्याही वर चर्च आणि सर्वांत वर किल्ला, अशी त्याची रचना पलीकडच्या तीरावरून एका नजरेत दिसते. म्हणून पूल ओलांडून एकदा समोरच्या काठावर जावे आणि मगच गावात शिरावे.

हे गाव मुळात येथेच का वसले, हा प्रश्न मनात ठेवून गेल्यास पुढचे सर्व काही आपोआप उलगडत जाते. त्याचे उत्तर कोकणातल्या माणसाला फारसे समजावून सांगावे लागणार नाही. समुद्रापासून सुमारे सत्तर किलोमीटर आत असूनही मेर्तोलापर्यंत भरतीचे पाणी चढते, आणि त्याच्या वर मात्र नदी खडकाळ होत जाते. पुलो दो लोबो या धबधब्यापाशी तर ती एका अरुंद घळीत कोसळते आणि जलवाहतूक पूर्ण थांबते. सावित्रीवर महाड, वाशिष्ठीवर चिपळूण किंवा अर्जुनेवर राजापूर ही बंदरे ज्या कारणाने खाडीच्या टोकाला उभी राहिली, त्याच कारणाने मेर्तोलाही उभे राहिले : गलबताने जेथपर्यंत जाता येते तेथे ते रिकामे करायचे आणि पुढचा माल जनावरांच्या पाठीवर घाटमाथ्याकडे पाठवायचा. भूमध्य समुद्राकडून येणारी फिनिशियन, ग्रीक आणि रोमन जहाजे येथपर्यंत येत. बेजाच्या पठारावरचे धान्य आणि जवळच्या खाणींमधले तांबे व चांदी येथून बाहेर जाई. रोमन काळात त्याचे नाव मिर्तिलिस होते, अरबी अमलात मार्तुला झाले.

लिस्बनहून स्वतःची किंवा भाड्याची मोटार असेल तर दक्षिणेकडे जाणाऱ्या महामार्गाने कास्त्रो व्हेर्देपर्यंत आणि तेथून आडरस्त्याने मेर्तोला, हा मार्ग घ्यावा. साधारण अडीच ते तीन तास लागतात. कास्त्रो व्हेर्देच्या आसपासची मोकळी माळराने माळढोकाच्या कुळातल्या मोठ्या पक्ष्यांसाठी प्रसिद्ध आहेत आणि एप्रिलमध्ये ती रानफुलांनी भरलेली असतात. त्यामुळे हा रस्ता घाईने उरकण्याचा नाही. मोटार चालवायची असल्यास निघण्यापूर्वी आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घ्यावा आणि तेथे वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, हे चालवणाऱ्याने सतत ध्यानात ठेवावे. मेर्तोलाला रेल्वे नाही. बेजापर्यंत रेल्वेने जाता येते, त्यासाठी कासा ब्रांका येथे गाडी बदलावी लागते, आणि बेजाहून पुढे बस असते. मात्र बसगाड्या मोजक्याच असतात आणि शनिवार-रविवारी आणखी कमी होतात. म्हणून परतीच्या गाडीची वेळ पाहूनच मुक्कामाचे दिवस ठरवावेत.

दोन रात्री राहावे, असा आमचा आग्रह आहे. सकाळी येऊन दुपारी परतणारे प्रवासी किल्ला आणि चर्च पाहतात, एक छायाचित्र काढतात आणि निघून जातात; त्यांना जमिनीखालचे मेर्तोला दिसतच नाही, आणि या गावाचे खरे वेगळेपण तेथेच आहे. सोमवारी पोर्तुगालमधली बहुतेक वस्तुसंग्रहालये बंद असतात, म्हणून मुक्कामाचा मुख्य दिवस सोमवारी येणार नाही असे पाहावे.

प्रश्न : मेर्तोला येथील चर्च ही पूर्वीची मशीद आहे, असे एका माहितीपटात ऐकले. तसे काही तेथे प्रत्यक्ष दिसते, की केवळ सांगण्यापुरते आहे? आणि ‘जमिनीखालचे गाव’ म्हणतात ते काय आहे? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : प्रत्यक्ष दिसते, आणि इतके स्पष्ट दिसते की पोर्तुगालमध्ये अशी दुसरी वास्तू दाखवणे कठीण आहे. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात, अल्मोहाद या उत्तर आफ्रिकेतल्या मुसलमान घराण्याच्या राजवटीत, ही मशीद बांधली गेली. सन १२३८ मध्ये सांतियागो पंथाच्या लढवय्या संन्यासी सरदारांनी मेर्तोला जिंकून घेतले, तेव्हा त्यांनी मशीद पाडली नाही. तिचे चर्च केले. जिंकलेल्या गावात लगेच नवे देवालय बांधण्याइतका पैसा आणि कारागीर हाताशी नसणे, हे व्यवहारी कारण त्यामागे असावे, असे आम्हांला वाटते; उदारपणाचे श्रेय त्यांना देण्याची घाई करू नये.

आत गेल्यावर पहिल्यांदा जाणवते ते हे की, येथे नेहमीच्या चर्चसारखा लांबट मध्यभाग नाही. जवळजवळ चौरस दालन, बारा खांब, त्यांच्यामुळे पडलेले पाच पट्टे आणि नजर कोणत्याही एका बाजूला ओढली न जाता चहूकडे फिरत राहते. नमाजासाठी रांगा करून उभे राहण्याची ही जागा होती, हे त्या मांडणीवरून सहज लक्षात येते. डोक्यावरची कमानदार छते मात्र सोळाव्या शतकातली आहेत आणि बाहेरचे कोरीव प्रवेशद्वारही त्याच काळातल्या फेरबांधणीत आले. मुख्य वेदीच्या मागे गेल्यावर भिंतीत एक कोनाडा दिसतो. तो अर्धगोल नसून अनेक बाजूंचा आहे आणि त्याच्या वरच्या भागावर चुन्याच्या गिलाव्यात उठवलेल्या आंधळ्या कमानींची नक्षी आजही उरली आहे. हाच तो मिहराब, म्हणजे मक्केची दिशा दाखवणारा कोनाडा. कित्येक पिढ्या तो आणि भिंतींतली घोड्याच्या नालाच्या आकाराची दारे लिंपून टाकलेली होती. विसाव्या शतकातल्या दुरुस्तीच्या वेळी ती पुन्हा उघडी करण्यात आली. अशी चार दारे आज ओळखता येतात. पुढे वेदी, मागे मिहराब, आणि दोहोंमध्ये काही पावलांचे अंतर. ही वास्तू आजही वापरातले चर्च आहे, त्यामुळे प्रार्थनेच्या वेळी फिरून पाहणे टाळावे.

आता जमिनीखालच्या गावाविषयी. सन १९७८ मध्ये लिस्बन विद्यापीठात शिकवणारे इतिहासकार क्लाउदियो तोर्रेस येथे आले. त्यांना बोलावणारे सेराँव मार्तिंश हे मेर्तोलाचे नगराध्यक्ष होते आणि त्यांचेच विद्यार्थी होते. हुकूमशाही संपून तेव्हा चारच वर्षे झाली होती, अलेंतेजोच्या या कोपऱ्यातली खाण बंद पडली होती आणि तरुण माणसे लिस्बनच्या कारखान्यांकडे निघून गेली होती. अशा गावात किल्ल्याच्या पायथ्याशी खणायला सुरुवात झाली आणि ‘कांपो आर्केओलोजिको दे मेर्तोला’ ही संस्था उभी राहिली. तोर्रेस यांनी पुढे राजधानी सोडून येथेच घर केले. १९९१ साली त्यांना पोर्तुगालमधला मानाचा पेसोआ पुरस्कार मिळाला.

उत्खननात काय मिळाले, ते पाहण्यासाठी किल्ला आणि चर्च यांच्यामधल्या सपाट जागेवर जावे. या जागेला अल्कासोवा म्हणतात. सर्वांत वरच्या थरात ख्रिस्ती अमलातली दफनभूमी होती. तिच्याखाली बाराव्या शतकातली अल्मोहादकालीन वस्ती निघाली. मधोमध अंगण, त्याभोवती खोल्या, स्वयंपाकाची जागा, आणि शौचकूप व सांडपाण्याची गटारे यांची चोख व्यवस्था. घरांचे आराखडे उरलेल्या पायाच्या भिंतींवरून वाचता येतात. हे वाचणे ज्यांना अवघड वाटेल त्यांच्यासाठी अशा एका घराची प्रत्यक्ष आकाराची प्रतिकृती शेजारी बांधलेली आहे. आधी ती पाहावी, मग उत्खनन पाहावे, म्हणजे दगडांच्या ओळींना अर्थ येतो. त्याच्याही खाली रोमन काळातला एक लांब, कमानदार भुयारी मार्ग आहे. डोंगरउतारावर सपाट चौक मिळवण्यासाठी आधार म्हणून तो बांधला गेला आणि मुसलमानी अमलात त्याचाच पाण्याचे टाके म्हणून उपयोग झाला. जवळच बाप्तिस्म्याचे कुंड आणि सहाव्या शतकातली मोझेक फरसबंदी आहे. तिच्या एका तुकड्यात पंख असलेल्या घोड्यावरून राक्षसाला भाला मारणारा बेलेरोफोन हा ग्रीक कथेतला वीर ओळखू येतो. म्हणजे ख्रिस्ती बाप्तिस्म्याच्या जागेतच ग्रीक पुराणकथा, आणि तीही आयबेरियाच्या कडेच्या एका नदीबंदरावर.

तोर्रेस यांचे म्हणणे असे की, या प्रदेशात इस्लाम केवळ तलवारीने, एका रात्रीत आला नाही. भूमध्य समुद्राच्या दोन्ही काठांमध्ये बंदरांमार्फत शतकानुशतके चाललेल्या देवघेवीतून तो हळूहळू रुजला. सर्वच इतिहासकारांना हे मान्य नाही. तरीही गावाबाहेरच्या रोसिओ दो कार्मो येथील प्राचीन ख्रिस्ती बॅसिलिकेतले पाचव्या शतकापासूनचे थडग्यांवरचे लेख पाहावेत. त्यांतले काही लॅटिनमध्ये आहेत तर काही ग्रीकमध्ये. या गावात पूर्वेकडच्या समुद्रावरची माणसे राहत होती आणि येथेच मरत होती, एवढे तरी त्यांवरून निर्विवाद दिसते.

इस्लामी कलेचे छोटे संग्रहालय मात्र कोणत्याही कारणाने चुकवू नये. पोर्तुगालमधल्या इस्लामी काळातल्या खापरांचा हा सर्वांत महत्त्वाचा संग्रह मानला जातो. हिरव्या आणि तपकिरी रंगांत शिकारीचे दृश्य रंगवलेला वाडगा, तसेच झिलईचे रंग एकमेकांत मिसळू नयेत म्हणून मधल्या रेषा तेलकट काळ्या द्रवाने आखून भाजलेल्या थाळ्या येथे आहेत. ही रेषा जवळून पाहावी. भट्टीत तेल जळून गेल्यावर तिच्या जागी कोरडी, मंद, किंचित खोलगट खूण उरते आणि तिच्या दोन्ही बाजूंना रंग फुगून थांबलेला दिसतो.

गावातली संग्रहालये एका इमारतीत नाहीत, गावभर विखुरलेली आहेत. नगरपालिकेच्या इमारतीच्या तळघरात रोमन घराचे अवशेष आहेत, दुसऱ्या एका ठिकाणी लोहाराची भट्टी आहे, तिसऱ्या ठिकाणी चर्चमधल्या मूर्ती आहेत. एकत्रित तिकीट घेतले तर ते सोयीचे पडते.

प्रश्न : माझे वडील चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत आणि त्यांचा गुडघा दुखतो. त्यांना हे गाव झेपेल का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : तटाच्या आतल्या गल्ल्या चढणीच्या आहेत आणि गोट्यांच्या फरसबंदीमुळे ओल्या दिवशी निसरड्या होतात, हे आधीच सांगितलेले बरे. चामड्याच्या गुळगुळीत तळव्याचे बूट मुळीच घालू नयेत. रबरी तळव्याचे, टाच पकडणारे बूट आणि हाती काठी असावी. चर्च मध्यावर आहे, त्यामुळे त्याच्या वरचे काही न चढताही गावाचा मोठा भाग पाहून होतो. किल्ल्याच्या १२९२ साली बांधलेल्या बुरुजावर चढण्याचा हट्ट वडिलांनी धरू नये. त्यांनी खाली अंगणात थांबावे आणि तुम्ही वर जाऊन यावे. मुक्काम शक्यतो तटाबाहेरच्या भागात, मोटार दाराशी येईल अशा ठिकाणी घ्यावा.

प्रश्न : आम्ही शाकाहारी आहोत, अंडी चालतात. पोर्तुगालच्या खेड्यात आमची उपासमार होईल अशी भीती सर्वजण घालतात. (एक वाचक, पुणे)

उत्तर : भीती अगदीच निराधार नाही, पण अलेंतेजोत ती बरीच कमी करता येते. मेर्तोला परिसर शिकारीसाठी देशभर ओळखला जातो, त्यामुळे उपाहारगृहाच्या फळ्यावर रानडुक्कर, तित्तिर, ससा आणि नदीतले मासे यांचीच नावे पहिल्यांदा दिसतील. तरीही हा प्रांत गरिबीतून आलेल्या पाव, लसूण आणि पालेभाज्यांच्या स्वयंपाकाचा आहे, आणि आपल्या जिभेला ओळखीची असलेली कोथिंबीर युरोपात इतक्या सढळ हाताने वापरलेली क्वचितच इतरत्र आढळते.

येथला मुख्य पदार्थ म्हणजे असोर्दा. खलबत्त्यात लसूण, कोथिंबीर आणि जाडे मीठ एकत्र ठेचतात, तो गोळा खोल भांड्याच्या तळाशी घालून त्यावर ऑलिव्ह तेल ओततात, मग ज्या पाण्यात अंडी फोडून उकडली तेच कढत पाणी त्यावर घालतात, आणि शिळ्या, घट्ट पोताच्या पावाच्या फोडी त्यात सोडून वर अंडे ठेवतात. पाव भिजून मऊ झाला तरी विरघळत नाही, हे या पावाचे वैशिष्ट्य आहे. काही ठिकाणी हेच माशाच्या उकडीच्या पाण्यात करतात, म्हणून मागवण्यापूर्वी विचारून घेणे आवश्यक आहे. ‘सें कार्ने, सें पेइशे’, म्हणजे मांस नको, मासा नको, हे शब्द पाठ करून ठेवावेत. अंडे घातलेले टोमॅटोचे सूप आणि उन्हाळ्यातले गास्पाशो नावाचे थंड सूप हेही चालतील. मात्र सुपात वरून डुकराच्या मांसाचे तुकडे घालण्याची सवय असल्याने तेथेही विचारावे. पावाचाच केलेला मिगास हा पदार्थ टाळलेला बरा, कारण तो बहुधा डुकराच्या चरबीत परततात.

चीजविषयी एक गोष्ट शाकाहारी वाचकांनी आवर्जून लक्षात घ्यावी. युरोपातल्या अनेक चीजमध्ये दूध विरजण्यासाठी वासराच्या जठरातला अर्क वापरतात. परंतु शेजारच्या सेर्पा गावाच्या नावाने ओळखले जाणारे मेंढीच्या दुधाचे चीज एका काटेरी रानझुडपाच्या वाळलेल्या फुलांच्या अर्काने विरजतात. ते मऊ, किंचित कडवट आणि उग्र वासाचे असते. ते सर्वांनाच आवडेल असे नाही, पण त्यात जठराचा अर्क नाही.

टेबलावर बसताच न मागता पाव, ऑलिव्ह आणि चीज यांच्या छोट्या बशा आणून ठेवल्या जातात. त्या फुकट नसतात. नको असल्यास हात न लावता परत नेण्यास सांगावे. त्यात कोणालाही वावगे वाटत नाही.

प्रश्न : आम्ही म्हापशाचे. गोव्याच्या माणसाने पोर्तुगालमध्ये फिरताना गोव्याशी जोडलेले काही पाहावे असे वाटते. मेर्तोलाचा गोव्याशी काही संबंध आहे का? (एक वाचक, म्हापसा)

उत्तर : थेट संबंध नाही, आणि ओढूनताणून जोडण्यात अर्थ नाही. उलट, ज्या काळात पोर्तुगीज जहाजे मांडवीत नांगर टाकू लागली त्याच काळात मेर्तोलाचे महत्त्व ओसरू लागले होते. पंधराव्या-सोळाव्या शतकांत मोरोक्कोच्या किनाऱ्यावरील पोर्तुगीज ठाण्यांना येथून धान्य जात असे, त्यावर बंदराला काही काळ तग धरता आला. पुढे सारा व्यापार लिस्बनकडे आणि अटलांटिककडे वळला. ज्याला आपण पोर्तुगालचा वैभवकाळ म्हणतो, तो या गावाच्या दृष्टीने उतरणीचा काळ होता.

मात्र परतीच्या वाटेवर एक ठिकाण तुम्हांला पाहता येईल. बेजाहून एव्होराकडे जाणाऱ्या रस्त्यावर विदिगेइरा हे गाव लागते. वास्को द गामा याला १५१९ मध्ये विदिगेइराचा काउंट हा किताब मिळाला होता. तो १५२४ मध्ये कोची येथे मरण पावला आणि तेथल्या चर्चमध्ये त्याला पुरले गेले. १५३९ मध्ये त्याचे अवशेष पोर्तुगालला आणून विदिगेइरा येथे ठेवण्यात आले आणि तेथे ते तीन शतकांहून अधिक काळ होते. सन १८८० मध्ये ते लिस्बनच्या बेलें भागातल्या जेरोनिमोस मठात हलवले गेले. पर्यटक आज तेथेच गर्दी करतात. मेर्तोला जिंकणाऱ्या ज्या सांतियागो पंथाचा उल्लेख वर आला, त्याच पंथाचा वास्को द गामा हाही सरदार होता आणि पुढे तो ‘ख्रिस्त पंथ’ नावाच्या तशाच दुसऱ्या सरदारी पंथात गेला, एवढा एक धागा सांगता येईल.

प्रश्न : मला ऑगस्टमध्येच रजा मिळते. तेव्हा मेर्तोलाला जावे का? आणि नदीत उतरता येते का? (एक वाचक, लंडन)

उत्तर : ऑगस्टमध्ये जाऊ नये, असेच आमचे मत आहे. बेजा जिल्ह्यातल्या आमारेलेजा येथे १ ऑगस्ट २००३ रोजी ४७ अंशांहून अधिक तापमान नोंदले गेले आणि पोर्तुगालमधला तो उच्चांक मानला जातो. मेर्तोलात जुलै-ऑगस्टमध्ये चाळिशी गाठणे ही काही बातमी नव्हे. विदर्भातल्या वाचकांना हे आकडे नवे वाटणार नाहीत, परंतु येथे झाडांची सावली कमी, दगडी गल्ल्या तापलेल्या आणि दुपारी सारे गाव दारे लावून बसलेले असते. मार्च ते मेचा मध्य, किंवा ऑक्टोबर, हा योग्य काळ होय. वसंतात टेकड्यांवर एश्तेवा नावाचे झुडूप फुलते. पांढऱ्या पाकळ्या, प्रत्येकीच्या बुडाशी गडद तांबडा ठिपका, आणि पानांना बोट लावले तर चिकटून राहणारा सुगंधी डिंक. याच सुमारास आफ्रिकेतून येणारे खरुची कुळातले छोटे ससाणे गावातल्या जुन्या भिंतींच्या भोकांतून घरटी करतात आणि डोक्यावर सतत घिरट्या घालतात. १९९५ मध्ये स्थापन झालेल्या ग्वादियाना खोरे निसर्ग उद्यानात हे गाव मोडते, आणि नामशेष होण्याच्या काठावर पोचलेल्या आयबेरियन लिंक्स या रानमांजराला २०१४ च्या अखेरीपासून याच परिसरात पुन्हा सोडण्यात आले. ते दिसेलच अशी आशा धरून मात्र जाऊ नये.

ऑगस्ट अपरिहार्यच असेल तर सकाळी लवकर गाव पाहावे आणि दुपारी सांव दोमिंगोसच्या जलाशयावर जावे. मेर्तोलाच्या पूर्वेला सुमारे सतरा किलोमीटरवर सांव दोमिंगोसची खाण आहे. रोमनांनी उकरलेली ही जागा १८५८ पासून एका इंग्रज कंपनीने पुन्हा चालवायला घेतली. तांबे आणि गंधकयुक्त खनिज काढून ते रेल्वेने ग्वादियानावरच्या पोमाराँव बंदरात नेले जाई आणि तेथून थेट बोटीत भरले जाई. १९६६ मध्ये खाण बंद झाली. आज तेथे मोडकी गंधक-कारखान्याची इमारत, कामगारांच्या एका-एका खोलीच्या चाळी आणि तांबूस-नारिंगी रंगाचे आम्लयुक्त पाणी साचलेला खड्डा आहे. या पाण्याला हात लावू नये. पोहण्यासाठी आहे तो खाणीला पाणी पुरवण्याकरिता बांधलेला वेगळा, स्वच्छ जलाशय. त्याच्या काठाला वाळू टाकून स्नानाची जागा केलेली आहे. कामगारांच्या चाळींपैकी एक खोली संग्रहालय म्हणून राखली आहे. किल्ल्यापेक्षाही ती खोली आम्हांला अधिक बोलकी वाटते, कारण मेर्तोला तालुक्याची लोकसंख्या गेल्या शतकाच्या मध्यानंतर इतकी का घसरली, की सुमारे १,२९० चौरस किलोमीटरच्या या तालुक्यात आज जेमतेम सहा हजार माणसे उरली, याचे निम्मे कारण तेथे आहे. उरलेले निम्मे शेतात आहे. १९२९ पासून सरकारने राबवलेल्या गव्हाच्या मोहिमेत येथली पातळ, दगडी जमीन नांगरून काढली गेली आणि काही वर्षांतच ती निकस झाली.

ग्वादियानात मेर्तोलापाशी छोट्या होड्या आणि कयाक चालतात. पाणी शांत दिसते, म्हणून त्याला कमी लेखू नये. ७ डिसेंबर १८७६ च्या महापुराने या खोऱ्यातली कित्येक गावे उद्ध्वस्त केली होती; २००२ मध्ये वरच्या बाजूला आल्केवा धरण भरू लागल्यापासून पुराचा जोर बराच आवाक्यात आला आहे. पुलो दो लोबोला जायचे असल्यास मोटार हवीच, शेवटचा रस्ता कच्चा आहे. तेथे कठडे नाहीत आणि खडक झिजून काचेसारखे झालेले आहेत, म्हणून लहान मुलांना घेऊन कडेपर्यंत जाऊ नये. पाण्यात उतरण्याचा तर प्रश्नच नाही.

प्रश्न : तेथे इस्लामी उत्सव भरतो असे वाचले. तो केव्हा असतो? आणि घरी आणण्याजोगे काय मिळते? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : हा उत्सव २००१ पासून साधारणपणे दर दोन वर्षांनी, विषम वर्षांच्या मे महिन्यात भरतो. गल्ल्यांवर कापडाची छते ताणली जातात, मोरोक्कोहून व्यापारी आणि कारागीर येतात, रस्त्यांना बाजाराचे रूप येते आणि संगीत रात्रभर चालते. त्या दिवसांत गावात खोली मिळणे जवळजवळ अशक्य असते. बेजात राहून जा-ये करावी किंवा कित्येक महिने आधी खोली ठरवावी. ज्यांना उत्खनन आणि संग्रहालये निवांत पाहायची आहेत त्यांनी उत्सवाचे दिवस टाळावेत. दोन्ही एकाच फेरीत साधणार नाही.

घरी आणायचेच असेल तर विणकाम कार्यशाळेत तयार होणारी लोकरीची जाड पांघरुणे पाहावीत. पांढरी, तपकिरी आणि काळी अशी मेंढीची मूळ रंगाची लोकर, जमिनीवरचा लाकडी माग, आणि चौकटी व दातेरी रेषांची नक्षी. उत्तर आफ्रिकेतल्या बर्बर स्त्रियांच्या विणकामाशी या नक्षीचे साम्य अभ्यासकांनी दाखवले आहे. विणणाऱ्या बायका समोर काम करत असतात आणि पाहणाऱ्याला अडवत नाहीत. पांघरुणे स्वस्त नाहीत, शिवाय वजनदार असतात. विमानात सामानाच्या वजनाची मर्यादा आधी पाहून घ्यावी, नाहीतर त्याच कार्यशाळेत मिळणारी छोटी पिशवी घ्यावी.